घर रिकामं करताना सापडलेल्या इंजेक्शनच्या सुया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्या-मुंबईत जुनी घरं, बंद खोल्या, गाळे रिकामे करून देतो. फर्निचर, भांडी, भंगार यांबद्दल लोक फोनवर बिनधास्त विचारतात. सुयांबद्दल मात्र आवाज खाली जातो, किंवा रात्री उशिरा एखादा फोटो येतो आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, "याचं काय करू?" वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुई नुकतीच टोचली असेल तर बाकी सगळं सोडून प्रश्न ९ वाचा.

१. घर आवरताना इंजेक्शनची सुई दिसली. सगळ्यात आधी काय करायचं?

हात मागे घ्यायचा आणि उजेड करायचा. बहुतेक वेळा सुई टोचते ती अर्ध्या अंधारात आणि घाईत. एक दिसली म्हणजे आसपास आणखी असणार असं धरूनच चाला. लहान मुलं, मांजर-कुत्री आणि "बघू बघू" म्हणत वाकणारे नातेवाईक, सगळ्यांना खोलीबाहेर काढा.

केरसुणी घेऊन ओढायला लागू नका. केरसुणीच्या काड्यांत सुई अडकून बसते, आणि संध्याकाळी कोपऱ्यात उभी केलेली तीच केरसुणी दुसरं कुणी मुठीत धरतं. झाडायचंच असेल तर लांब दांड्याचा ब्रश आणि पत्र्याची सुपली वापरा, आणि झाल्यावर दोन्ही नीट तपासा.

२. हातमोजे घातले की हाताने उचलली तर चालेल ना?

नाही. दवाखान्यातले पातळ रबरी मोजे रक्त-घाण अडवतात, सुई अडवत नाहीत. चामड्याचे जाड मोजे थोडं संरक्षण देतात, पण बारीक सुई त्यातूनही जाते. आम्ही आत पातळ, वर जाड असे दोन्ही घालतो, आणि तरीही सुई चिमट्यानेच उचलतो. लांब चिमटा नसेल तर स्वयंपाकघरातली जुनी सांडशी चालते, मात्र ती परत स्वयंपाकघरात न्यायची नाही. पायात जाड तळव्याचे बंद बूट हवेत. चपला घालून हे काम करणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवतो, मग तो घरमालक का असेना.

३. उचलायची नेमकी कशी, आणि ठेवायची कशात?

डबा सुईपाशी न्या, सुई डब्यापाशी नको. डबा जमिनीवर ठेवा. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चिमटा असा प्रकार करू नका, कारण चिमटा घसरला की सुई डबा धरलेल्या हातातच घुसते. सिरिंज मधोमध धरायची, टोक स्वतःपासून लांब ठेवायचं, आणि टोकाची बाजू आधी आत सोडायची. एका वेळी एकच. मूठभर गोळा करून टाकायचा मोह आवरा.

डबा कडक प्लास्टिकचा आणि फिरकीच्या झाकणाचा असावा. फिनेलचा किंवा कपडे धुण्याच्या द्रव साबणाचा रिकामा कॅन उत्तम. पाण्याची पातळ बाटली नको, ती दाबली की सुई आरपार येते. काचेची बरणी नको, पुठ्ठ्याचं खोकं तर अजिबात नको. खास पांढरे पंक्चरप्रूफ डबे सर्जिकल दुकानांत मिळतात. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला चौकशी केलीत तर अडचण येऊ नये. डबा पाऊण भरला की बंद करा, झाकणावरून चिकटपट्टी फिरवा आणि मार्करने ठळक लिहा: "वापरलेल्या सुया. उघडू नये." मराठीबरोबर हिंदीतही लिहा, कारण पुढे तो डबा कुणाच्या हातात जाईल हे आपल्याला माहीत नसतं.

४. सुईचं टोपण शेजारीच पडलंय. ते लावून टाकलं तर जास्त सुरक्षित नाही का?

उलट. टोपण परत लावतानाच सुई बोटात जाते, हे रुग्णालयांतल्या लोकांना चांगलं ठाऊक असतं. सुई वाकवायची नाही, मोडायची नाही, सिरिंजपासून ओढून वेगळी करायची नाही. आहे तशी डब्यात. टोपण वेगळं पडलं असेल तर तेही त्याच डब्यात टाका, विषय संपला.

५. डबा भरला. आता द्यायचा कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर शहरागणिक बदलतं.

कायद्याची बाजू आधी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज "घरगुती घातक कचऱ्यात" घातल्या. रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, बॅटऱ्या यांच्याच पंगतीत. म्हणजे त्या ओल्या कचऱ्यात जात नाहीत आणि सुक्यातही जात नाहीत. त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय कचरा नियमांत घरातला असा कचरा वेगळा बांधून पालिकेच्या कचरा नेणाऱ्यांकडे द्यावा, आणि पालिकेने तो सामायिक प्रक्रिया केंद्राकडे (अनेक दवाखान्यांचा असा कचरा एकत्र निर्जंतुक करणाऱ्या केंद्राकडे) पोचवावा, असं म्हटलं आहे. म्हणजे स्वीकारण्याची जबाबदारी पालिकेची आहे. वॉर्ड ऑफिसात "आमच्याकडे असं काही नसतं" हे उत्तर मिळालं तर नियमांचं नाव घेऊन घनकचरा विभागाच्या आरोग्य निरीक्षकांना भेटा. फोनपेक्षा प्रत्यक्ष भेटून काम लवकर होतं, हा आमचा अनुभव.

मुंबईत महापालिकेने २०२५ पासून घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्याची वेगळी सेवा सुरू केली आहे. वापरलेल्या सिरिंज आणि मुदतबाह्य औषधं त्यात येतात. सोसायटीने नाव नोंदवावं लागतं. तुमच्या सोसायटीची नोंदणी झाली आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. बऱ्याचदा त्यांनाच पत्ता नसतो.

पुण्यात दारोदार कचरा घेणारे बरेचसे लोक "स्वच्छ" सहकारी संस्थेचे आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून उभी राहिलेली ही कचरावेचकांची संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. त्यांच्या बादलीत डबा गुपचूप सरकवू नका. मावशींना थांबवून दाखवा, "यात सुया आहेत" असं सांगा, आणि त्या घेतात की नाही ते विचारा. नाही म्हणाल्या तर तो त्यांचा हक्क आहे. मग क्षेत्रीय कार्यालय गाठा.

यातलं काहीच जमलं नाही तर प्रश्न ६.

६. ओळखीच्या डॉक्टरांकडे किंवा मेडिकलवाल्याकडे दिल्या तर?

दवाखान्याचा करार प्रक्रिया केंद्राशी झालेला असतो आणि तिथली गाडी ठरल्याप्रमाणे पांढरा डबा घेऊन जाते. त्यात तुमची भर टाकायला बरेच डॉक्टर तयार होतात, विशेषतः सुया त्यांच्याच पेशंटच्या असतील तर. घरच्या आजारी माणसाला ज्या डॉक्टरांनी पाहिलं त्यांच्यापासून सुरुवात करा. आधी फोन करा, डबा सीलबंद न्या, रिसेप्शनवर ठेवून पळ काढू नका.

मेडिकलवाल्यावर मात्र असं बंधन नाही. ओळखीचा असेल तर मदत करेल. नाही म्हणाला तर वाद घालू नका.

७. सिरिंज प्लास्टिकची, सुई स्टीलची. भंगारात का नाही चालत?

कारण भंगारवाला ती हाताने वेगळी करतो. पोत्यात हात घालून, वजन बघून, प्लास्टिक एकीकडे, धातू दुसरीकडे. तुमच्याकडची सुई तिथे पोचते तेव्हा तिच्यावर ना चिठ्ठी असते ना डबा.

दुसरं कारण याहून भयंकर आहे. गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात २००९ साली कावीळ-बीची (हिपॅटायटिस बीची) साथ आली आणि बरीच माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे ती पसरली, हे तपासात पुढे आलं. वापरलेल्या सिरिंज गोळा करून पुन्हा विकण्याचा धंदाही तेव्हा उघडकीला आला. शाबूत दिसणारी सिरिंज भंगारात गेली की ती धुऊन परत बाजारात येणारच नाही याची खात्री कोण देणार? प्रक्रिया केंद्रात सुया वाफेने किंवा कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करून मग त्यांचे तुकडे करतात, ते एवढ्याचसाठी.

८. जाळल्या, पुरल्या किंवा संडासात टाकल्या तर?

जाळल्याने प्लास्टिकचा विषारी धूर होतो आणि सुई तशीच राहते, आता राखेत, जिथे ती दिसतही नाही. पुरली तर पुढच्या पावसाळ्यात वर येते किंवा कुणाच्या कुदळीखाली. संडासात टाकली तर ड्रेनेज साफ करायला उतरणाऱ्या माणसाच्या हातात. तिन्ही नको.

९. सुई टोचली. आता काय?

लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट दाबून रक्त काढू नका, चोखू नका. ब्लीच, स्पिरिट किंवा हळद असलं काही जखमेत भरू नका. डोळ्यात किंवा तोंडात काही उडालं असेल तर भरपूर साध्या पाण्याने धुवा. मग किती वाजता टोचली ते लिहून ठेवा आणि सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. जिल्हा रुग्णालय, पालिकेचं मोठं रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय असेल तर सगळ्यात बरं, कारण एचआयव्ही टाळायची प्रतिबंधक औषधं तिथे मिळतात.

ही औषधं लागणार की नाही ते डॉक्टर ठरवतील. लागलीच तर जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांत. ७२ तास उलटून गेल्यावर ती सुरू करत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. "उद्या बघू, आधी टेम्पो भरून घेऊ" हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलं आहे. टेम्पो थांबतो.

रुग्णालयात आणखी तीन गोष्टी आठवणीने विचारा: धनुर्वाताचं इंजेक्शन, कावीळ-बीची लस (आधी घेतली नसेल तर), आणि पुन्हा रक्त तपासायला कधी यायचं. पहिली तपासणी त्याच दिवशी होते. ती तुमची टोचण्याआधीची स्थिती दाखवते, म्हणून ती टाळू नका. ज्या सुईने टोचलं ती तपासायला नेण्याची गरज नसते. ती डब्यात टाका. शंका असेल तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे.

१०. पण रस्त्यावर किंवा जुन्या घरात पडलेल्या सुईने खरंच एड्स होतो का?

शक्यता फारच कमी. बाधित रुग्णाला नुकत्याच टोचलेल्या सुईने रुग्णालयातल्या माणसाला टोचलं, तरी एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन धरतात. महिनोन्‌महिने माळ्यावर पडलेल्या सुईत ती त्याहून कितीतरी खाली जाते, कारण रक्त वाळलं की हा विषाणू फार तग धरत नाही.

खरी काळजी करायची ती कावीळ-बीची. तो विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची ताजी सुई टोचली तर शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एड्सच्या भीतीने झोप उडालेली माणसं पुष्कळ भेटतात, पण कावीळ-बीची लस घेतली आहे का असं विचारलं की बहुतेक जण गप्प बसतात.

११. आमच्याकडे रोजंदारीवर माणसं येतात. त्यांच्यासाठी काय करायला हवं?

कावीळ-बीची लस. तीन डोस: आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. देशभरातल्या बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमात २०११ पासून मिळू लागली, त्यामुळे आजच्या पंचविशी-तिशीतल्या कामगाराने ती घेतलेली असेलच असं धरू नका. खर्च मालकाने करावा. मजुरीतून कापणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, भाषा बिघडते.

काम करताना माणूस जखमी झाला तर मालकाची जबाबदारी कायद्याने ठरलेली आहे: २०२५ पर्यंत १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता, आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता. "त्याने मोजे घातले नाहीत" एवढं म्हणून सुटका होईल असं समजू नका, विशेषतः मोजे दिलेच नसतील तर.

१२. सुया साधारण कुठे सापडतात?

राहत्या घरात बहुतेक सुया मधुमेहाच्या असतात. फ्रीजच्या दारातला खण, जिथे इन्सुलिन ठेवलेलं असतं, आणि त्याच्या आसपासचं सगळं. पलंगाशेजारचा ड्रॉवर, चष्म्याचं घर, जुनी पर्स, बाहेर जाताना घालायच्या कोटाचा खिसा. कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली. उशीच्या अभ्र्यात.

एका फ्लॅटमध्ये देवघराखालच्या खणात बोर्नव्हिटाचा डबा मिळाला. झाकणाला रबरबँडने चिठ्ठी बांधलेली: "सुया आहेत. हात लावू नये." अक्षर कापरं होतं. त्या आजींनी आमचं निम्मं काम करून ठेवलं होतं. दुसऱ्या एका घरी तशाच सुया मिठाईच्या खोक्यात भरून माळ्यावर टाकलेल्या. पुठ्ठ्याला ओल लागलेली, शिडीवरच्या मुलाने खोकं उचललं आणि तळ सुटला. खाली कुणी उभं नव्हतं म्हणून बरं.

बंद गाळे आणि पडक्या इमारतींत जागा वेगळ्या: शटरची खोबण, मीटरच्या पेटीमागे, जिन्याखाली, फ्लशच्या टाकीमागे, गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली. दोन्हीकडे नियम एकच. नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. आणि भरलेली पिशवी हाताने दाबायची नाही, मांडीला टेकवायची नाही, पाठीवर तर घ्यायचीच नाही.

१३. जुन्या कापसाच्या गाद्या पिंजाऱ्याला द्यायच्या आहेत. मधुमेही माणूस त्याच गादीवर झोपायचा. चालेल?

देऊ नका. इन्सुलिनच्या पेनची सुई चार-पाच मिलिमीटरची असते, शिवणीतून आत जाते आणि कापसात हरवते. पिंजारी कापूस हाताने पिंजतो, मोकळा करतो. त्याला काहीच कल्पना नसते. लोहचुंबक फिरवून बघू का, असं बरेच जण विचारतात. इंजेक्शनची सुई ज्या प्रकारच्या स्टीलची असते ते चुंबकाला धड चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाला काही लागलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. घरात सुया सैल पडलेल्या आढळल्या असतील तर गादी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर लिहून, पालिकेच्या मोठ्या सामानाच्या गाडीत द्या. वाईट वाटतं, कापूस चांगला असतो. तरीही.

१४. इन्सुलिनचं पेन, साखर तपासायच्या टोचण्या, साखर मोजणारा दंडावरचा सेन्सर हे सगळं सुयांतच धरायचं का?

टोचण्या, म्हणजे लॅन्सेट: हो, त्याच डब्यात. पेनवर सुई लावलेली असेल तर ती काढायच्या फंदात पडू नका (कारण प्रश्न ४), आख्खं पेन डब्यात जाऊ द्या. सुई नसलेलं रिकामं पेन धारदार नाही, पण आत इन्सुलिन उरलं असेल तर मुदतबाह्य औषधांबरोबर द्या. सेन्सर लावायच्या यंत्रात आत सुई असते, म्हणून ते डब्यात. दंडावर चिकटणाऱ्या चकतीत बॅटरी असते, ती वेगळी.

भरलेली इंजेक्शनं, उदाहरणार्थ रक्त पातळ करणारी, सिंकमध्ये रिकामी करू नका. आहेत तशी डब्यात.

१५. सीलबंद, न वापरलेल्या सिरिंज निघाल्यात. कुणाला देता येतील?

वेष्टन फाटलेलं नसेल आणि मुदत शिल्लक असेल तर जवळच्या धर्मादाय दवाखान्यात विचारा. इन्सुलिनच्या सिरिंज शेजाऱ्याला परस्पर देऊ नका. लाल टोपणाची ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते आणि केशरी टोपणाची १०० युनिटच्या. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. इन्सुलिन स्वतः दान करू नका, ते किती काळ थंड राहिलं याची खात्री देता येत नाही.

१६. वडील डॉक्टर होते. त्यांचा बंद दवाखाना रिकामा करायचा आहे. हाच मार्ग का?

नाही, इथे वाट वेगळी. दवाखान्यातला कचरा घरगुती धरला जात नाही, त्याला जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू होतात. पालिकेच्या गाडीत तो देता येत नाही, पेशंट कधीचेच यायचे बंद झाले असले तरी. जुन्या कागदांत बघा, दवाखाना ज्या प्रक्रिया केंद्राशी नोंदलेला होता त्यांच्या पावत्या बहुधा असतात. त्यांना फोन करा, शेवटची उचल मागा. नोंदणीच सापडत नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून तुमच्या भागासाठी कोणतं केंद्र ते कळेल.

वर्गवारी अशी: सुया, सुई लावलेल्या सिरिंज आणि ब्लेड पांढऱ्या डब्यात. सुई नसलेल्या सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत. ॲम्प्युल आणि औषधांच्या काचेच्या बाटल्या निळ्यात. कापूस, बँडेज आणि मुदतबाह्य औषधं पिवळ्यात. ही वर्गवारी सामान हलवणाऱ्या मजुरांकडून करून घेऊ नका. सुया बाहेर पडेपर्यंत आम्ही असं काम हातात घेतच नाही.

१७. त्याच दवाखान्यात काचेच्या जुन्या सिरिंज, उकळायची स्टीलची पेटी आणि पाऱ्याचं बीपीचं यंत्र आहे.

काचेच्या सिरिंजची पेटी बघून अनेकांना आठवण म्हणून ठेवावीशी वाटते. पेटी ठेवा, सिरिंजही ठेवा, पण त्यांच्या जाड सुया ठेवू नका, त्या पांढऱ्या डब्यात. त्या बोथट दिसतात, बोथट नसतात. पाऱ्याचं यंत्र किंवा थर्मामीटर सुयांच्या डब्यात कधीच नाही, कारण निर्जंतुक करताना तापवलं की पाऱ्याची वाफ होते. न फुटता, उभं, वेगळ्या डब्यात ठेवा आणि केंद्राला आधी सांगा.

१८. गाळा बरीच वर्षं बंद होता. आत ढीगभर सिरिंज आहेत, नशा करणारे येऊन बसायचे. पोलिसांना कळवायचं का?

नुसत्या सुया सापडल्या तर पोलिसांकडे जाणं सक्तीचं नाही. पुड्या, भुकटी, शिक्के पुसलेल्या औषधांच्या बाटल्या दिसल्या तर हात न लावता बाहेर या आणि ११२ वर कळवा. आत कुणी बेशुद्ध आढळलं तर १०८ ची रुग्णवाहिका आधी.

सुया मोजक्या असतील तर प्रश्न ३ प्रमाणे उचला. फरशीवर सडा असेल तर स्वतः उतरू नका, घनकचरा विभागाला लेखी कळवा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी सुया बदलून देणारे प्रकल्प चालतात. तिथल्या कार्यकर्त्यांना वापरलेल्या सुया गोळा करण्याची सवय असते. तुमच्या भागात असा प्रकल्प आहे का ते १०९७ वर विचारा. आणि तिथे बसणाऱ्या पोरांना हाकलताना झटापट करू नका. खिशात उघडी सुई असू शकते.

१९. गावाकडचं घर आहे. घंटागाडी नाही, वॉर्ड ऑफिस नाही. गोठ्यात गुरांच्या सुयाही आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरा डबा असतो आणि दुर्गम भागातल्या केंद्रांत सुयांचा पक्का खड्डाही असतो. आशाताईंना सोबत घेतलंत तर काम सोपं होतं. गुरांच्या सुया जाड आणि लांब असतात, पातळ कॅनच्या भिंतीतून बाहेर येतात, म्हणून त्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा बरा. पशुवैद्यकीय दवाखान्यालाही तेच कचऱ्याचे नियम लागू असल्याने त्यांच्याकडेही सुयांची सोय असते, तिथे विचारा. गव्हाणीतला चारा हाताने चाचपू नका, दाताळ्याने ओढा. सुया बहुधा गव्हाणीच्या कडेला किंवा भिंतीतल्या कोनाड्यात खोचलेल्या असतात.

२०. डबा स्कूटरच्या डिकीत ठेवून नेला तर चालेल?

झाकण बंद, चिकटपट्टी लावलेली, डबा उभा आणि हलणार नाही असा बसवलेला असेल तर चालेल. रिक्षात किंवा बसमध्ये पिशवीत घालून मांडीवर घेऊ नका. डबा आज द्यायचा राहिला तर कुलपात ठेवा, आणि घरातल्या एका माणसाला तरी कुठे ठेवला आहे ते सांगून ठेवा.